सोळा घरांचा ठराव

चिंचखडीत काहीही लिहायचं म्हटलं की लोक विष्णुपंतांच्या ओट्यावर येतात. विजेच्या बिलाची तक्रार असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर भावाभावांचं वाटणीपत्र असो. औंढ्यापासून आत नऊ किलोमीटरवरचं हे गाव, दोन-अडीच हजार वस्ती, आणि पंतांसारखं अक्षर त्यात एकाचं नाही. एकतीस वर्षं शाळेत कारकुनी केली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ग्रामसभेचं प्रोसिडिंग अजून तेच लिहितात. ग्रामसेवक बदलतात, सरपंच बदलतात, वहीतलं अक्षर तेवढं तेच राहतं.

माणूस तसा भला. लिहून दिल्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. सकाळी महादेवाची पूजा, ती घराण्याकडं चालत आलेली. दुपारी लोकांचे कागद, संध्याकाळी गंगूताईंसोबत ओट्यावर बसणं. खोड एकच, नियमाची. शाळेत असताना एकदा हेडमास्तरांच्या सांगण्यावरून त्यांनी परीक्षेच्या कपाटाचं कुलूप फोडलं होतं. पंच बोलावले नाहीत, आणि त्यापायी तीन वर्षं चौकशी भोगली. वेतनवाढ अडकली, झोप उडाली, चारचौघांत मान खाली गेली. तेव्हापासून पंतांनी कानाला खडा लावला, सरकारी कुलूप पंचांशिवाय फोडायचं नाही. गावातली टवाळ पोरं म्हणायची, पंत नारळ फोडायचा झाला तरी आधी पंचनामा करतील. पंतही त्यावर हसायचे.

गंगूताईंना दमा होता. श्रावणात आणि थंडीत जास्त. त्यांच्या छातीत शिट्टी वाजायला लागली की पंत हातातला कागद टाकून आत धावायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना औंढ्याला नेईपर्यंत ओठांचा रंग गेला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. तेव्हापासून पंतांच्या जिवाला एकच घोर, दवाखान्याचं माणूस गावात राहायला पाहिजे. आरोग्य उपकेंद्र होतं, पंतांच्या घरापासून तीनशे पावलांवर. तिथं वाफेचं मशीन होतं, औषध होतं. पण सिस्टर हिंगोलीहून साडेदहाला येणार आणि चारला जाणार. दमा काय ऑफिसची वेळ बघून येतो?

आता कुणी विचारील, सिस्टरला गावात खोली मिळत नव्हती काय? नव्हती मिळत. आणि न देणाऱ्यांत पहिला नंबर आपल्या पंतांचाच. सांगायला जीभ जड होते, पण गोष्ट सांगायला बसलो तर सगळी सांगावी.

सोळा घरांचा ठराव आला, त्याच्या आदल्या जूनमधली गोष्ट. मुकुल हा पंतांचा एकुलता एक, पुण्यात कंपनीत आहे. त्यानं पैसे पाठवून घरावर मजला चढवला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, आणि बाहेरून वेगळा जिना. फाटकावर पंतांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, ‘खोल्या भाड्याने देणे आहे’. एक दिवस नव्यानं आलेली सिस्टर ती पाटी वाचून आत आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, डोक्याला स्कार्फ, हातात हेल्मेट. गंगूताईंनी पाणी दिलं, वर नेऊन खोल्या दाखवल्या, भाडं ठरलं. पोरगी आगाऊ भाडं काढून देत होती, तेवढ्यात पंतांनी वही उघडली.

“पूर्ण नाव सांगा, सिस्टर.”

“साक्षी प्रकाश खिल्लारे. गाव पुसेगाव, तालुका सेनगाव.”

पंतांचं पेन आडनावाच्या पहिल्या अक्षरावरच थांबलं. आडनावावरून माणूस कोणत्या वस्तीतला ते ओळखायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. साक्षी बौद्ध होती. पंतांनी पेनाला टोपण लावलं आणि कपाळावर हात मारला. “अरेच्चा, विसरलोच की मी! मुकुल येणार आहे दिवाळीला. कायमचा. घरूनच काम करणार म्हणतो.”

साक्षीनं पैसे पर्समध्ये परत ठेवले. “बरं काका,” म्हणाली. असं ‘बरं’ ती किती दारांत म्हणून आली असेल, तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी पंतांनी पाटी उतरवली. मुकुल दिवाळीला आला, चार दिवस राहिला आणि फराळाचे डबे घेऊन गेला.

सिस्टरनं मात्र राग धरला नाही. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी यायची, गंगूताईंची छाती तपासायची, लागलं तर मशीन घेऊन यायची. गंगूताई तिला निळ्या फुलाच्या कपात चहा द्यायच्या. तो कप बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. दसऱ्यापर्यंत तो तिथंच पावसात भिजला. मग एक दिवस मोरीत आला, मग फळीवर, मग बाकीच्या कपांत मिसळून गेला. गंगूताईंनी मुद्दाम केलं की आपसूक झालं, विचारायची पंतांची हिंमत झाली नाही. पण पुढं आठ दिवस ते चहा घ्यायच्या आधी कपावरचं फूल बघायचे.

“अहो, देऊन टाका ना वरच्या खोल्या तिला,” गंगूताई म्हणायच्या. “अवेळी धाप लागली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

“माझं काही नाही गं. पण देवाचं काम आहे आपल्याकडं. गाव काय म्हणेल?”

“गाव काय म्हणतंय ते ऐकायला मी तरी राहायला नको का?”

यावर पंत कुणाचा तरी कागद लिहायला ओढायचे.

दिवाळीनंतर त्यांच्या हाती एक परिपत्रक पडलं. खेड्यात कामाला येणाऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं. ग्रामपंचायतीनं जागा द्यायची, बांधायचा पैसा वरून. पंतांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तीन मजली इमारत, सोळा घरं, महिना दीड हजार भाडं. शिक्षक राहतील, लाइनमन राहील, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरची माणसं राहतील. आणि सिस्टर राहील. आपल्याला कुणाला घरात घ्यावं लागणार नाही, गावाची बोलणी खावी लागणार नाहीत, आणि मशीन चालवणारं माणूस हाकेवर येईल. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा सगळा प्रकार, पण पंतांना तो तसा वाटला नाही. त्यांना वाटलं, आपण गावासाठी मोठं काम काढलंय. अडीच महिने त्यांनी हिंगोलीच्या चकरा मारल्या. शाळेमागच्या जागेचा उतारा काढला, नकाशा करून घेतला, प्रस्तावाच्या पाच प्रती हातानं लिहिल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. मंडपाखाली गाव, आणि पलीकडं हातपंपाजवळ बौद्ध वस्तीतली माणसं. तसं बसायला कुणी सांगत नाही, आपोआप बसतात. साक्षी कर्मचाऱ्यांच्या बाकावर होती. पंतांनी नकाशा फळ्याला टाचला आणि अर्धा तास बोलले. म्हणाले, जो गावात राहतो तो गावाचा होतो, चारला निघणारा होत नाही. मास्तर राहिले तर लेकरं शिकतील, सिस्टर राहिली तर जीव वाचतील.  नाटक नव्हतं ते, पोटातून आलं होतं.

उपसरपंच मुंजाजीनं तोंडातली तंबाखू एका गालात सारली. स्वतःच्या तीन खोल्यांना कुलूप लावून बसलेला हा गडी, त्याला सिस्टरचा कळवळा नव्हता, पंतांची फजिती बघायची होती. “पंत, समदं बराबर हाय. पर तुमचा वरचा मजला रिकामाच पडून राहिला न? सिस्टरला तिथं ठिवा की. काखेत कळसा अन् गावाला वळसा काहून?”

मंडप हसला. पंतांनी साक्षीकडं पाहिलं नाही. “मुकुल येणार आहे,” ते म्हणाले. “मजला त्याच्यासाठी राखून ठेवलाय.” आणि सभेत बोललेलं वहीत जायला पाहिजे म्हणून तेही सवयीनं लिहून टाकलं.

हातपंपाजवळून ग्यानोबा उठला. साठीचा गवंडी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, पंतांचा वरचा मजला आणि तो जिनासुद्धा त्यानंच बांधलेला. “पंत, ह्या सोळा घरांसाठी आमच्या वस्तीतल्यांनी अर्ज केला तर चालंल न? का आमी निस्तं बांधायलाच?”

“चालेल की. कुणीही करावा.”

आता मंडपात कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, “म्हंजे एकाच जिन्यानं समद्यांनी चढायचं?” दुसरा म्हणाला, “टाकीबी एकच का पाण्याची?” कुजबुज वाढली. मुंजाजी पुढं वाकून हळूच म्हणाला, “पंत, असं असंल तर एकबी हात वर व्हनार न्हाई. मी सांगून राहिलो.”

पंतांना गंगूताईंचे पांढरे पडलेले ओठ दिसले. ठराव पडून चालणार नव्हतं. एकदा इमारत उभी राहू दे, पुढचं पुढं बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी मान खाली घातली आणि ठरावाला एक ओळ जोडली. ‘भाडेकरूंची निवड गावच्या चालीरीती लक्षात घेऊन ग्रामस्थ समिती करील.’ ओळ वाचून दाखवली. मंडपातले हात भराभर वर झाले. हातपंपाजवळचा एकही झाला नाही. ग्यानोबानं टोपी गुडघ्यावर झटकली. “बांधकामाला हाक मारा मंग,” म्हणाला आणि निघून गेला.

हजेरीची सही करायला साक्षी वहीपाशी आली. ती शेवटची ओळ तिनं बोट ठेवून वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग खाली सही केली. “अक्षर छान आहे काका तुमचं,” एवढंच म्हणाली आणि स्कूटीकडं गेली.

घरी गंगूताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना बोलताना दम लागत होता, तरी बोलल्या. “त्या एका पोरीसाठी तुम्ही तीन मजले बांधायला निघालात. आपला एक जिना चढू द्या की तिला. सतराच पायऱ्या आहेत.”

“थोडं थांब. इमारत होऊ दे.”

“इमारत होईस्तोवर दमा थांबणार आहे का?” त्या म्हणाल्या आणि दम्याचा पंप शोधायला लागल्या.

मे महिन्यात प्रस्ताव परत आला. निवडीची अट नियमात बसत नाही, ती वगळून नवा ठराव पाठवा. खरं सांगायचं तर पंतांना बरंच वाटलं. आपण घातलेली ओळ दुसऱ्या कुणी खोडली, आपल्यावर काही आलं नाही. पण नवा ठराव म्हणजे नवी सभा. मुंजाजी म्हणाला, पेरण्या होऊ द्या. पेरण्या झाल्या, मग कोळपण्या निघाल्या. शेवटी पंधरा ऑगस्टची सभा ठरली. पंतांनी ती ओळ वगळून ठराव आधीच लिहून ठेवला आणि गंगूताईंच्या उशाशी नेऊन दाखवला. “हे बघ. पंधरा ऑगस्टला पास होतोय. तेवढं थांब.” गंगूताईंनी चष्मा न लावताच मान हलवली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पंत पूजा करून घरी आले, तर गंगूताई ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. बोलता येत नव्हतं. खांदे वर-खाली होत होते, आणि आत शिट्टी वाजत होती, अंगणात ऐकू येईल अशी. पंतांनी पंप दाबला, दोनदा, चारदा. उतार पडेना. त्यांनी शेजारच्या रूपाबाईंना हाक मारली, त्या पिठाच्या हातानं धावत आल्या. पंतांनी रुग्णवाहिकेला फोन लावला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय म्हणाले, चाळीस मिनिटं. मुंजाजीची जीप त्याच्या पोरानं आदल्या दिवशी नांदेडला नेलेली. मग साक्षीला फोन.

“काका, मी निघालेच. पण मला पाऊण तास लागतो. तोवर मशीन लावा. उपकेंद्रात, डावीकडच्या कपाटावर. मी फोनवर सांगते कसं लावायचं. किल्ली दीपाकडं...” आणि ती अडखळली. दीपा ही गावातली आशा सेविका, पंचमीला माहेरी गेली होती आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये. “कुलूप फोडा काका. मी सांगतेय ना, फोडा. कुणी काही म्हणत नाही.”

परसातली पहार उचलून पंत धावले. चौसष्ट वर्षांचा माणूस, सोवळ्यानिशी, अनवाणी, चिखलातून. उपकेंद्राच्या दाराला तळहाताएवढं कुलूप होतं. पंतांनी दोन्ही हातांनी पहार उगारली.

आणि हात खाली येईना.

काय झालं त्यांना, कुणास ठाऊक! विचार वगैरे केला नाही त्यांनी, तेवढी उसंत कुठं होती. पण एकतीस वर्षांची कारकुनी त्या हातात होती. चौकशी अधिकाऱ्यानं टेबलावर बोट आपटून विचारलं होतं, ‘पंच कोण होते? त्यांच्या सह्या कुठं आहेत?’ तेच शब्द त्यांच्या कानात वाजले. दोनच माणसं, दोनच सह्या, कितीसा वेळ लागतो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि ते मुंजाजीच्या घराकडं पळाले.

मुंजाजी धार काढत होता. “अवो पंत, फोडा की! इचारून काय राहिले?”

“पंच लागतील. तू एक, अजून एक. चल लवकर.”

माणूस इतका पांढराफटक झाला होता की मुंजाजीला वाद घालवेना. तो सदरा घालायला आत गेला. तोवर पंतांनी किराणावाल्या धर्मसिंगला दुकानातून ओढून आणलं, आणि येताना त्याच्या गल्ल्यावरचा एक कागदही. तिघं उपकेंद्रापाशी पोचले. पंतांनी कागद भिंतीला लावला, धर्मसिंगच्या खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागले. ‘आज दिनांक...’

उपकेंद्राच्या मागंच ग्यानोबाचं घर. गलका ऐकून तो बाहेर आला. “काय झालं?”

“गंगूताईला धाप लागली,” मुंजाजी म्हणाला. “मशीन आत हाय.”

ग्यानोबानं दाराकडं पाहिलं, मग पंतांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. “अन् तुमी लिवून काय राहिले?” तो ओरडला. पंतांवर आजवर त्याचा आवाज कधी चढला नव्हता. त्यानं भिंतीची पहार उचलली. “लिवा मागून!” एका घावात कुलूप कोयंड्यासकट खाली आलं.

पंत घरातून निघाल्याला तोवर चौदा मिनिटं झाली होती.

ते मशीन घेऊन परतले तेव्हा गंगूताई अंगणात होत्या. घरात गुदमरतंय असं त्या खुणेनं सांगत होत्या, म्हणून रूपाबाईंनी त्यांना धरून बाहेर आणलं होतं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं होतं. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, मांडीवर उताणे हात. शिट्टी थांबली होती. शिट्टी थांबली म्हणून पंतांना क्षणभर हायसं वाटलं, एवढे ते भांबावले होते. ग्यानोबानं खिडकीतून वायर ओढली. फोनवर साक्षी सांगत होती, औषधाची कुपी मोडा, वाटीत ओता, नळी बसवा, मास्क नाकावर धरा. पंतांनी सगळं बरोबर केलं, एक थेंब सांडला नाही. मशीन घरघरलं. वाफ मास्कभर झाली आणि कडेनं बाहेर निघून गेली.

रूपाबाईंनी हंबरडा फोडला. “थांबा हो, मशीन चालू आहे,” पंत म्हणाले. त्यांनी मास्क धरूनच ठेवला. बराच वेळ. शेवटी ग्यानोबानंच बटण बंद केलं.

साक्षी आली, तिच्यामागं रुग्णवाहिका आली. हेल्मेट न काढताच ती पायरीशी बसली, गंगूताईंचं मनगट धरलं आणि तसंच धरून राहिली. मग त्यांचा पदर सारखा करून तोंडावरचे केस नीट केले. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. मुकुल आला, दिवस झाले, तेरावा झाला. पंधरा ऑगस्टच्या सभेला पंत गेले नाहीत, आणि त्यांच्याशिवाय लिहिणार कोण, म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला. मुंजाजीनं निरोप पाठवला, घाई न्हाई, सवडीनं बघू. जाताना मुकुल फाटकापाशी उभा राहून म्हणाला, “बाबा, वरचा मजला भाड्यानं देऊन टाका. आम्ही काही परत येत नाही आता. निदान तुम्हाला सोबत होईल कुणाची.” पंतांनी मान डोलावली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते फाटक धरून उभे होते.

दोन दिवसांनी दुपारी साक्षी आली. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला लागते, तो फॉर्म ग्रामसेवकानं तिच्याकडं दिला होता. पंतांनी तिला आत बसवलं आणि स्वतः चहा केला. दोन कप भरले. निळ्या फुलाचा त्यांच्या वाट्याला आला, तो त्यांनी न बघता प्यायला. मग जानव्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांनी तिच्यापुढं ठेवली.

“वरच्या मजल्याची आहे. उद्यापासून राहायला ये, पोरी. भाडं नको. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.”

साक्षीनं किल्लीला हात लावला नाही. “काका, खरं सांगू का? मागच्या वर्षी दिली असती तर मी नाचत आले असते. रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, पाठ मोडून जाते माझी. पण आता नको.” तिनं उघड्या दारातून जिन्याकडं पाहिलं. “त्या तिसऱ्या पायरीवर पाय कसा देऊ? काकू दिसतात मला तिथं.”

 पंतांनी किल्ली उचलली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरली.

“फॉर्म तुम्हीच भरा,” साक्षी म्हणाली. “तुमचं अक्षर छान आहे.”

तिच्या बोलण्यात टोमणा आहे का ते पंतांनी शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, कागदाखाली वही घेतली. मृताचे नाव. वय. पत्ता. मृत्यूचे ठिकाण, घर. पुढचा रकाना होता, मृत्यूपूर्वी मिळालेली वैद्यकीय मदत. त्यापुढं तीन पर्याय, दवाखान्यातली, दवाखान्याबाहेरची, काहीही नाही. असे फॉर्म त्यांनी गावातल्या कितीकांचे भरून दिले होते. पेन थांबलं.

“सिस्टर, मशीन लावलं होतं ना आपण. ते... दवाखान्याबाहेरची मदत म्हणून धरता येईल का?”

साक्षीनं फॉर्मवरून नजर उचलली. “लावलं तेव्हा काकू होत्या का, काका?”

बाहेर रूपाबाईंची कोंबडी जिन्याच्या पायऱ्या चढत होती, तिला कुणी हाकललं नाही. पंतांनी रकान्यात लिहिलं, ‘काहीही नाही’. अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार, ठसठशीत, कुठं म्हणून हात हलला नाही. त्यांना स्वतःच्या त्या हाताची किळस आली. त्यांनी खाली सही केली आणि कागद पुढं सरकवला.

साक्षीनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि हेल्मेट उचललं. चार वाजत आले होते. तिला हिंगोली गाठायची होती.